पंपावरचा माणूस

संपादकांनी पाठवलं होतं हृदयाच्या सर्जनवर लिहायला. पण मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरात माझं लक्ष पुन्हा पुन्हा गेलं ते टेबलापासून थोडं मागे, स्टुलावर बसून हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टकडे. सर्जन म्हणाले, "घ्या पंपावर." त्याने नळीवरचा चिमटा सोडला, एक बटण हळूहळू फिरवलं आणि म्हणाला, "फुल फ्लो, सर." पेशंटचं हृदय आणि फुप्फुसं आता त्याच्या हाती होती.

हार्ट-लंग मशीनचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतले डॉ. जॉन गिबन आणि त्यांची पत्नी मेरी वीसेक वर्षं या यंत्रामागे होते. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात गिबन यांनी 18 वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. 26 मिनिटं तिचा जीव पूर्णपणे यंत्रावर होता. ती वाचली. पुढची मुलं दगावली, तेव्हा गिबन यांनी स्वतःच हे यंत्र बाजूला ठेवलं. नंतर इतरांनी ते सुधारून रुळवलं.

काम ऐकायला सोपं. उजव्या कर्णिकेतून काळपट रक्त उताराने खालच्या पारदर्शक डब्यात येतं. तिथून पंप ते ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो. आत केसांसारख्या बारीक पोकळ तंतूंची जुडी असते. तंतूंमधून ऑक्सिजन वाहतो, बाहेरून रक्त. बाहेर पडताना ते लालभडक झालेलं असतं. मग फिल्टरमधून महाधमनीत.

माणसाचं हृदय बसल्याजागी मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. तेवढं पंपालाही जमतं. वीज गेली तर? बॅटरी असते. तीही संपली, तर शेजारी लटकवलेला लोखंडी हँडल लावून पंप हाताने फिरवायचा. "फिरवलाय कधी?" मी विचारलं. "सरावात," तो म्हणाला. बोलतानाही त्याची नजर डब्यावरच होती. "लेव्हल बघत राहायची. डबा रिकामा झाला की नळीत हवा, आणि हवा मेंदूत गेली की संपलं." म्हणून पातळी घसरली की अलार्म वाजतो, नळीवर बुडबुडा टिपणारा सेन्सर असतो. तरी तो डोळे हलवत नाही.

खरी अडचण पंपात नाही, रक्तात आहे. रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो. त्याच्या सहवासात रक्त वाहतं राहतं. प्लास्टिक लागलं की गोठू पाहतं. म्हणून आधी रक्त गोठू न देणारं हेपॅरिन. चाचणीत रक्त गोठायला एरवी दोनेक मिनिटं लागतात. यंत्रावर ती वेळ बहुतेक ठिकाणी 480 सेकंदांच्या वर ठेवतात आणि परफ्युजनिस्ट ती पुन्हा पुन्हा तपासतो. काम झालं की प्रोटामिन देऊन हेपॅरिनचा असर उतरवायचा. तेही जपून, कारण कुणाकुणाचं ब्लडप्रेशर त्यानेच धाडकन खाली येतं.

एवढ्यावर भागत नाही. नळ्या भरायला लिटर-दीड लिटर द्रव लागतो, त्याने रक्त पातळ होतं. पंपाच्या रोलरखाली काही तांबड्या पेशी फुटतात. पांढऱ्या पेशी परक्या पृष्ठभागावर खवळतात आणि अंगभर दाह पसरतो. मग सूज, कधी मूत्रपिंडाची तक्रार. इकडे महाधमनीवर क्लॅम्प लावून पोटॅशियमच्या द्रावाने थांबवलेल्या हृदयाला रक्त मिळत नसतं, म्हणून ठरावीक अंतराने तो द्राव पुन्हा सोडावा लागतो. "क्लॅम्प किती झाला?" सर्जन विचारतात. तो मिनिटं सांगतो.

हे टाळायला बायपास अनेकदा चालत्या हृदयावरच करतात. झडप बदलायला किंवा छिद्र बुजवायला हृदय उघडायचं, तर मात्र पंप लागतोच. आता नळ्यांना आतून हेपॅरिनचा लेप देतात; त्रास घटतो, संपत नाही. रक्तवाहिनीच्या आतला तो एक पदर माणसाला अजून कारखान्यात बनवता आलेला नाही. तोवर या यंत्राचा हिशेब तासांतच मांडायचा.