फ्लातेरी : मासा कोणाचा, गाव कोणाचे?

भूगोलाच्या क्रमिक पुस्तकात आइसलँडच्या वाट्याला फार तर अर्धे पान येते. ज्वालामुखी, उष्णोदकाचे झरे, हिमनद्या आणि मत्स्यव्यवसाय एवढे चार शब्द पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. यातल्या चौथ्या शब्दावर तिथली माणसे पोट कसे भरतात, त्यांच्या गावात शाळा-दुकान-दवाखाना कशाच्या जोरावर चालतो, हे मात्र पुस्तक सांगत नाही. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, आणि वाढलो कोकणातल्या एका बंदरगावात. त्यामुळे ‘मत्स्यव्यवसाय’ हा शब्द मला कधीच कोरडा वाटला नाही. म्हणून या देशातले एकच गाव निवडून त्याचा संसार कसा चालतो, हे जरा बारकाईने सांगावे असे मनात आले. गावाचे नाव फ्लातेरी.

आइसलँडचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आत, आणि त्यातही जवळजवळ दोन-तृतीयांश लोक राजधानी रेक्याविक व तिच्या आसपास राहतात. उरलेले किनाऱ्याकिनाऱ्याने विखुरलेले. देशाच्या वायव्येला पंजाच्या बोटांसारखा समुद्रात घुसलेला एक डोंगराळ द्वीपकल्पी भाग आहे. हिमनद्यांनी कोरलेल्या आणि मग समुद्राने भरलेल्या अरुंद, खोल खाड्यांना फ्योर्ड म्हणतात. हा सारा प्रदेश अशा फ्योर्डांचाच आहे. त्यांपैकी ओनुंदारफ्योर्दुर नावाच्या खाडीत, सपाट माथ्याच्या उंच डोंगराच्या पायथ्याशी, वाळू-गोट्यांची एक जीभ पाण्यात शिरली आहे. तिच्यावर फ्लातेरी वसले आहे. नावाचा अर्थही तोच, सपाट वाळूची दांडी. उत्तर ध्रुववृत्त येथून फार दूर नाही. ऐन हिवाळ्यात सूर्य डोंगराआडून वरच येत नाही, आणि गावे कित्येक आठवडे सावलीत राहतात. या भागातल्या गावांत जानेवारी-फेब्रुवारीत ऊन पुन्हा दिसले की घरोघरी ‘सूर्याची कॉफी’ होते. गोड धिरडी करतात आणि शेजाऱ्यांना बोलावतात.

आज गावात सुमारे दोनशे माणसे राहतात. एके काळी हा आकडा पाचशेच्या वर होता. आकडा का घटला, हे समजून घ्यायचे तर मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात येथले लोक शार्क पकडायला जात. मांसापेक्षा त्याच्या यकृताच्या तेलाला किंमत होती, कारण युरोपातल्या शहरांतले दिवे त्यावर जळत. १८८९ मध्ये हान्स एलेफसेन नावाच्या नॉर्वेजियन उद्योजकाने गावाजवळ सोलबाक्की येथे देवमाशांचे मोठे केंद्र उघडले. बारा वर्षे ते धडाक्याने चालले. १९०१ मध्ये कारखाना जळाला आणि एलेफसेन पूर्व किनाऱ्यावर निघून गेला. त्याने येथे स्वतःसाठी बांधलेले लाकडी घरही पुढे रेक्याविकला हलवण्यात आले. देशाचा पहिला मंत्री हान्नेस हाफस्टेइन त्यात राहिला आणि आज सरकारी स्वागतसमारंभ त्याच घरात होतात. बाहेरचे भांडवल आले, कमाई झाली, आणि जाताना घरसुद्धा घेऊन गेले. पुढची गोष्ट वाचताना हे घर ध्यानात ठेवावे.

विसाव्या शतकात गावाचा खरा आधार झाला कॉड हा मासा. बोटींवर पुरुष, आणि गोठवणीच्या कारखान्यात माशाचे काटे काढून तुकडे करणाऱ्या प्रामुख्याने स्त्रिया, अशी कामाची विभागणी होती. परंतु त्याच समुद्रात ब्रिटनचे ट्रॉलरही येत. आइसलँडने आपली मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२ मैल, १९७२ मध्ये ५० मैल आणि १९७५ मध्ये २०० मैल केली. दर वेळी ब्रिटनशी संघर्ष झाला. आइसलँडच्या गस्ती नौका परदेशी ट्रॉलरांच्या जाळ्यांचे दोर कापत, आणि ब्रिटन युद्धनौका पाठवी. याला ‘कॉड युद्धे’ म्हणतात. १९७६ मध्ये ब्रिटनने माघार घेतली आणि समुद्र आइसलँडचा झाला.

समुद्र आपला झाला, पण मासा अमर्याद नव्हता. गावोगावी ट्रॉलर विकत घेतले गेले, आणि थोड्याच वर्षांत शास्त्रज्ञांनी कॉडचा साठा घटत असल्याचा इशारा दिला. म्हणून १९८४ पासून कोटा पद्धत आली. मागच्या तीन वर्षांत ज्या बोटीने जेवढे पकडले, त्या प्रमाणात तिला एकूण मासेमारीतला वाटा मिळाला, तोही विनामूल्य. १९९० च्या कायद्याने हे वाटे खुलेपणाने विकण्या-घेण्याची मुभा दिली. गंमत अशी की, याच कायद्याचे पहिलेच कलम म्हणते, समुद्रातील मासा ही आइसलँडच्या राष्ट्राची सामाईक मालमत्ता आहे, आणि कोणालाही दिलेल्या वाट्यामुळे मालकी हक्क निर्माण होत नाही. म्हणजे मासा सर्वांचा, पण तो पकडण्याचा हक्क बाजारात विकायला मोकळा!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या पद्धतीची बाजू दुबळी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पूर्वी प्रत्येकजण दुसऱ्याच्या आधी मासा गाठण्यासाठी धावे. त्यात बोटी जास्त, तेल जास्त, आणि मासा कमी. कोटा आल्यावर घाई संपली, धंदा नफ्यात आला, अनुदानाची गरज उरली नाही. २००७ मध्ये सरकारने शास्त्रज्ञांचा सल्ला मानून कॉडची वार्षिक मर्यादा १,९३,००० टनांवरून एकदम १,३०,००० टनांवर आणली, आणि त्यानंतरच्या वर्षांत साठा सावरलाही. समुद्राचे भले झाले, यात शंका नाही.

प्रश्न किनाऱ्याचा आहे. कोटा मिळाला तो बोटीच्या मालकाला. बोटीवरच्या खलाशाला नाही, कारखान्यात तीस-तीस वर्षे उभ्याने मासा कापणाऱ्या बाईला नाही, आणि गावालाही नाही. मालक म्हातारा झाला, कर्जात बुडाला किंवा त्याला चांगला भाव आला, की तो कोटा विकतो. विकत घेणारी कंपनी दुसऱ्या बंदरातली असते. तेव्हा मासा समुद्रात असतो तिथेच असतो. गावासमोरूनच बोटी जातात, फक्त त्या गावाला लागत नाहीत. २००७ च्या मे महिन्यात फ्लातेरीत नेमके हेच झाले. गावातल्या मुख्य मत्स्यकंपनीने बोटी आणि कोटा विकून टाकायचे ठरवले आणि शंभराहून अधिक लोकांचे काम गेले. इतक्या लहान गावात शंभर नोकऱ्या म्हणजे जवळजवळ प्रत्येक घर. त्यांत पोलंडसारख्या दूरच्या देशांतून येऊन स्थायिक झालेले कामगारही बरेच होते. पुढे इतरांनी कारखाना चालवण्याचे प्रयत्न केले, पण पूर्वीची स्थिती परत आली नाही.

हा घाव अधिक लागण्याचे एक कारण आहे. बारा वर्षांपूर्वी याच गावाने याहून भयंकर रात्र पाहिली होती. २६ ऑक्टोबर १९९५ रोजी पहाटे चारच्या सुमारास डोंगरावरून बर्फाचा प्रचंड लोंढा गावात घुसला. लोक झोपेत होते. वीस माणसे मेली. त्याच वर्षी जानेवारीत जवळच्या सूदाविक गावात अशाच लोंढ्याने चौदा बळी घेतले होते. एवढ्याशा देशाला हा मोठाच धक्का होता. मूठभर लोकांसाठी इतका खर्च करावा, की त्यांना दुसरीकडे नेऊन वसवावे, हा प्रश्न साहजिकच होता. राष्ट्राने उत्तर दिले ते बांधाच्या रूपाने. १९९८ पर्यंत फ्लातेरीच्या वर माती-दगडांचे पंधरा ते वीस मीटर उंचीचे दोन बांध उभे राहिले. वरून पाहिले तर ते इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखे दिसतात. बर्फ दोन्ही बाजूंनी समुद्राकडे वळावा, अशी ही योजना. असे बांध देशभर बांधण्यासाठी इमारतींच्या विम्यावर अधिभार बसवून निधी उभारला गेला. म्हणजे रेक्याविकमधला घरमालकही फ्लातेरीच्या बांधाचे पैसे भरतो.

मला या गावाच्या गोष्टीतला मर्म येथे दिसतो. बर्फापासून गावाला वाचवणे ही साऱ्या राष्ट्राची जबाबदारी मानली गेली. बाजारापासून वाचवणे मात्र कोणाचीच जबाबदारी नव्हती.

आता गावातल्या सोयींकडे वळू. १९९६ मध्ये डोंगराच्या पोटातून नऊ किलोमीटरांहून थोडा लांब, तीन फाट्यांचा बोगदा खुला झाला. त्याच्या दोन फाट्यांत एकच पदर आहे. समोरून गाडी दिसली की ठराविक जागी बाजूला थांबावे लागते. या बोगद्याने फ्लातेरी हे ईसाफ्योर्दुर या वीसएक किलोमीटरांवरच्या मोठ्या गावाला बारमाही जोडले गेले. त्याच वर्षी फ्लातेरीची स्वतंत्र नगरपालिका संपली आणि सर्वांची मिळून एक झाली. रुग्णालय, वरची शाळा, मोठी दुकाने सारे ईसाफ्योर्दुरला. पूर्वी हिवाळ्यात घाट बंद झाला की रोग्याचे हाल होत, ते टळले. पण रस्त्याला दोन टोके असतात. ज्या बोगद्यातून डॉक्टर येतो, त्याच बोगद्यातून गिऱ्हाईक स्वस्त दुकानाकडे जाते आणि गावातल्या दुकानाला कुलूप लागण्याची वेळ येते. सेवा माणसांच्या संख्येवर चालतात आणि माणसे सेवांमुळे टिकतात. एक धागा सुटला की दुसरा उसवतो.

तरीही काही गोष्टी टिकून आहेत. लहान मुलांची शाळा आहे. पोहण्याचा तलाव आहे. आइसलँडमध्ये शाळेत पोहणे सक्तीचे असते, आणि आपल्याकडे पारावर गप्पा चालतात तशा तिथे तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या हौदात चालतात. १९१४ मध्ये सुरू झालेले पुस्तकांचे एक दुकान त्याच कुटुंबाने आजवर राखले आहे. तिथे जुनी पुस्तके तागडीत घालून किलोवर विकतात. आपल्याकडे रद्दीवाला किलोवर घेतो, एवढाच फरक! माशांचे तुकडे लाकडी खोपटांत वाऱ्यावर सुकवून लोणी लावून खातात. सुकटीच्या वासाला सरावलेल्या आम्हा कोकण्यांना हे सांगून कळेल. आणि आहे ते स्वयंसेवकांचे बचावपथक. देशभर अशी पथके नववर्षाला शोभेची दारू विकून आपला खर्च बऱ्याच अंशी भागवतात. १४ जानेवारी २०२० च्या रात्री गावावर पुन्हा बर्फ आला. बांधांनी बराचसा वळवला, परंतु बंदरातल्या बोटींचा चुराडा झाला आणि बांध ओलांडून आलेल्या बर्फाने एका घरातल्या मुलीला गाडले. रस्ता बंद, बाहेरची मदत समुद्रातून यायची. गावच्या स्वयंसेवकांनीच सुमारे अर्ध्या तासात तिला जिवंत बाहेर काढले. गावात माणसे राहिलेली असणे म्हणजे काय, याचा याहून चांगला पुरावा देता येणार नाही.

पोटापाण्याच्या नव्या वाटाही शोधल्या जात आहेत. गळाने मासे पकडण्याच्या हौसेने परदेशी पाहुणे उन्हाळ्यात येतात. २००७ च्या ऑक्टोबरात, दोन मच्छीमारांच्या तक्रारीवरून, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने कोटा पद्धतीत भेदभाव असल्याचा निर्णय दिला. २००९ पासून सरकारने लहान बोटींना कोट्याविना ‘किनारी मासेमारी’ची परवानगी दिली. मे ते ऑगस्ट, आठवड्यातले चार दिवस, गळाची चार यंत्रे, एका फेरीत चौदा तास आणि ठरवून दिलेल्या वजनाएवढाच मासा. काही वाटा सरकार अडचणीतल्या गावांसाठी राखूनही ठेवते. याने जुने दिवस येत नाहीत, पण धक्क्यावर बोट लागते.

आपल्यासारख्या महाविद्यालयीन वाचकांना सर्वांत विशेष वाटेल ती गोष्ट शेवटी सांगतो. २०१८ मध्ये गावाने एक लोकशाळा काढली. डेन्मार्कच्या ग्रुंटविगने एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या कल्पनेवर ती चालते. परीक्षा नाही, गुण नाहीत, पदवी नाही. तरुण मुले-मुली एक हिवाळा गावात राहतात, डोंगर-समुद्राची माहिती घेतात, चित्रपट, संगीत शिकतात. दोनशेच्या गावात पंचवीस-तीस तरुण आले की दुकानाला गिऱ्हाईक मिळते, रिकाम्या घरांत दिवे लागतात. मत्स्यकारखाना गेल्यावर गावाने शाळा उघडली, आणि शिकवायला गावालाच धडा केले!

आपल्या किनाऱ्यावर अजून बोटीगणिक कोटा नाही. पण पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळी यांचा झगडा आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. तिथेही मूळ प्रश्न हाच आहे की समुद्र सर्वांचा असला तर त्यातून मिळणाऱ्या पैशावर पहिला हक्क कोणाचा? मासा वाचवण्याचे नियम हवेत, याबद्दल दुमत नसावे. परंतु ते करताना हक्क कोणाच्या नावावर लिहिला जातो, हे पाहिले नाही तर मासा वाचेल आणि गाव जाईल. हक्क व्यक्तीच्या नावावर असावा की गावाच्या, आणि तो विकता यावा की नाही, यावर आपल्या अर्थशास्त्राच्या आणि भूगोलाच्या वर्गांत एकदा तरी वाद व्हावा. फ्लातेरीने त्याची किंमत मोजून झाली आहे. आपल्याला अजून विचार करायला वेळ आहे.