मरणाला लागलेली कात्री

जपानी कार्टून मालिका अमेरिकेच्या टीव्हीवर जशाच्या तशा क्वचितच दिसल्या. 1972 ची 'गॅचमन' सँडी फ्रँक यांनी 1978 मध्ये 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' म्हणून आणली, तेव्हा 105 भागांचे 85 झाले. मुलांच्या कार्यक्रमांतल्या हिंसेविरुद्ध तिथले पालक तेव्हा आवाज उठवत होते. त्यामुळे मारामारी आणि मरणाची दृश्यं कापली गेली. मग भाग तोकडा पडे. तो भरायला 7-झार्क-7 नावाचा यंत्रमानव नव्याने चितारला. 'स्टार वॉर्स' नुकताच गाजला होता, त्याची छाप या झार्कवर उघड दिसते. समुद्राखालच्या तळावर बसून तो सांगायचा, शहर आधीच रिकामं केलंय. इमारती कोसळत, माणसं मात्र सुखरूप.

मला कात्रीपेक्षा हा खुलासा जास्त खटकतो. स्फोट ठेवायचा आणि त्यात कोणी मेलं हे लपवायचं, यात मुलांचं कसलं रक्षण?

1985 मध्ये 'रोबोटेक' आली. आठवड्याचे पाच दिवस दाखवायची मालिका म्हणजे निदान 65 भाग हवेत, असा तिथला हिशेब. म्हणून कार्ल मेसेक यांनी तीन वेगवेगळ्या मालिका सांधून 85 भागांची एकच कथा रचली. मोडतोड मोठीच होती, पण वैमानिक रॉय फॉकरचा मृत्यू त्यांनी राहू दिला. शाळकरी मुलांनी तो पाहिला आणि त्यांना तो झेपला.

तरी 1996 मध्ये 'ड्रॅगन बॉल झी'च्या पहिल्या 67 भागांचे 53 केले गेले. मेलेली पात्रं 'दुसऱ्या मितीत' जाऊ लागली. विमान उडवलं, की वैमानिकांची पॅराशूट दिसल्याचं कोणीतरी बोलून दाखवी. नरकातल्या दोन राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत 'हेल' लिहिलेलं होतं. त्यातल्या ई आणि एल या दोन अक्षरांच्या खालच्या रेघा पुसल्या आणि उरलं 'एचएफआयएल'. एवढ्या बारकाईने काम करणाऱ्यांनी तीच मेहनत संवादांवर घेतली असती तर!

2000 मध्ये कार्टून नेटवर्कने 'गंडम विंग' दुपारी कापून आणि मध्यरात्री अखंड दाखवली. मला हा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो.

2014 मध्ये 'डोरेमॉन' अमेरिकेत पोचला. त्यात मरणाचा प्रश्नच नव्हता, तरी त्यातल्या नोबिता या मुलाचा नोबी झाला, येनचे डॉलर झाले. आपल्याकडची मुलं तोवर हिंदीतून नोबिताला नोबिता म्हणूनच ओळखत होती आणि डोरायाकी हा जपानी खाऊही मागत होती.