मोटारीची ताकद पाहावी की टिकाऊपणा?

बैल घेताना आपण नुसती शिंगं बघत नाही. दात बघतो, चाल बघतो. युरोपातल्या भारी मोटारींचंही तसंच. 1972 साली इंग्लंडच्या जॅग्वारने एक्सजे-12 काढली. बारा सिलिंडर, अडीचशेहून जास्त अश्वशक्ती, शिवाय तोडीच्या जर्मन गाड्यांहून स्वस्त! पण सुटे भाग कच्चे. 1980 साली प्रमुख झालेल्या जॉन ईगन यांनी भाग पुरवणाऱ्यांना धारेवर धरले, तेव्हा कुठे सुधारणा झाली.

उलट मर्सिडीज 240-डी, डिझेलवर चालणारी, अश्वशक्ती जेमतेम 65. पण ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची 1976 सालची गाडी, इंजिने आलटूनपालटून बसवत, 46 लाख किलोमीटर चालली. 2004 साली ती कंपनीच्या संग्रहात गेली.

तात्पर्य, खरेदीची किंमत एकदाच मोजावी लागते. दुरुस्तीची दर हंगामाला.