नावाचे मोल आणि कर्जाचे तारण

हिवाळ्यात जळगावच्या बाजारी बोरांच्या पाट्या आल्या की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, “मेहरूणची आहेत काय?” होकार मिळाला म्हणजे दोन पैसे अधिक देण्यास त्याची ना नसते. हे अधिकचे पैसे बोराच्या गराइतकेच मेहरूण या नावाचेही असतात. परंतु बागाइतदार पेढीवर गेला तर जमिनीवर त्यास कर्ज मिळेल. नावावर मिळणार नाही. जमीन विकून वसुली होते. नाव विकावयाचे कसे?

मोठ्या कंपन्यांपुढेही हाच प्रश्न असतो. त्यांचे भांडवल दोन वाटांनी येते. भागधारक नफा झाला तरच वाटा मागतो. धनकोचे व्याज तोट्याच्या वर्षीही चुकत नाही, म्हणून तो तारण पाहतो. ज्यांच्यापाशी इमारती व यंत्रे विपुल, त्यांस कर्जाचा भार पेलतो. ज्यांची संपत्ती लौकिकात वा माणसांच्या कसबात आहे, त्यांनी भागभांडवलावर अधिक विसंबणे बरे. गंमत अशी की, स्वतः कमावलेला लौकिक ताळेबंदात मांडता येत नाही. दुसऱ्याचा धंदा घेताना त्याच्या लौकिकापोटी मोजलेली रक्कम मात्र मांडता येते!

नावावर कर्ज देण्याचा प्रयोग आपल्या बँकांनी करून पाहिला आहे. किंगफिशर विमान कंपनीने आपले नाव व बोधचिन्ह त्यांजकडे तारण ठेविले होते. २०१२ साली तिची उड्डाणे थांबली. ३० एप्रिल २०१६ रोजी त्या नावाचा लिलाव पुकारण्यात आला. किमान किंमत ३६६.७० कोटी रुपये. एकही बोली आली नाही. जुने विमान मोडीच्या भावाने तरी जाते. प्रवाशांचा विश्वास उडालेल्या नावास मोडीचाही भाव येईना.

त्याच २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकन मिळाले. हे नावही मालमत्ताच. तथापि १९९९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमान्वये असा हक्क विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. बंधन जाचक वाटेल, पण ते रास्त आहे. नाव साऱ्या केळी उत्पादकांचे सामायिक. कोणा एकाच्या कर्जापायी ते लिलावात निघावे, हे कोणास रुचेल? मात्र रावेरच्या शेतकऱ्यास केळीसाठी पीककर्ज हवे असल्यास बँक जमिनीचीच नोंद पाहते.