ईदच्या यादीत टाचेचेही नाव असू द्या

रमजानचा शेवटचा अशरा लागला की घरोघरी ईदच्या खरेदीची यादी तयार होते. मुलांचे कपडे, शीरखुर्म्याचा सुकामेवा, बांगड्या, अत्तर. अलीकडे या यादीत आणखी एक गोष्ट शिरली आहे. पोट सपाट करणारा विजेचा पट्टा, घाम काढणारा कंबरपट्टा, गाल आवळणारा रोलर. मोबाइलवर ‘ईद ऑफर’ झळकते आणि हजार-दोन हजार रुपये सहज जातात. त्याच घरात सहरीपासून तरावीहपर्यंत उभ्या असणाऱ्या आईची किंवा बहिणीची चप्पल मात्र ‘आहे ती चालेल’ म्हणून यादीबाहेर राहते.

या दोन खर्चांची तुलना एकदा शांतपणे करून पाहू.

विजेचा पट्टा स्नायूंना सौम्य झटके देतो आणि ते आकसतात. हे तंत्र खोटे नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा आजारपणात अशक्त झालेल्या स्नायूंसाठी फिजिओथेरपिस्ट ते वापरतात. पण स्नायू आकसणे वेगळे आणि त्यावरची चरबी वितळणे वेगळे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानुसार अशा उपकरणांनी स्नायू तात्पुरता घट्ट होऊ शकतो, मात्र वजन घटवण्यासाठी त्यांना मान्यता नाही. व्यायामाविना पोट सपाट होईल अशा जाहिराती करणाऱ्या तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर तिथल्या व्यापार आयोगाने 2002 मध्येच कारवाई केली होती. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा पट्टा बांधूच नये.

घाम काढणाऱ्या पट्ट्याची गोष्ट आणखी सोपी आहे. घामातून जाते ते पाणी. वजनकाटा थोडा खाली येतो आणि पाणी प्यायल्यावर पुन्हा वर जातो. रोजाच्या दिवसात, जेव्हा इफ्तारपर्यंत घोटभरही पाणी प्यायचे नसते, तेव्हा मुद्दाम घाम गाळणे म्हणजे चक्कर ओढवून घेणे. रोलरने त्वचेतला रक्तप्रवाह थोडा वेळ वाढतो, बरे वाटते. तेवढ्यापुरता तो ठीक आहे.

बाजाराने पादत्राणांनाही या यंत्रांच्या पंगतीत बसवून पाहिले. गोलसर किंवा डुलत्या तळव्याचे ‘टोनिंग शूज’ निघाले, नुसते चालल्याने पाय आणि नितंब सुडौल होतील असे सांगितले गेले. दाव्यांना पुरेसा पुरावा नसल्याचा ठपका आला तेव्हा रीबॉक कंपनीने 2011 मध्ये अडीच कोटी डॉलर आणि स्केचर्सने 2012 मध्ये चार कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवले. बुटाने बुटाचे काम करावे, म्हणजे पायाला आधार द्यावा. त्याहून अधिकाचे वचन मिळाले की खिसा सांभाळावा.

आधाराचे हे काम मात्र लहान नाही. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते, चार पावले चालल्यावर ती कमी होते, ही तक्रार अनेक बायकांकडून ऐकू येते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यातून जाणाऱ्या जाड पट्ट्यावर ताण आल्याचे ते बहुधा लक्षण असते. कडक फरशीवर अनवाणी तासन्‌तास उभे राहणे, झिजलेली सपाट चप्पल आणि वाढलेले वजन त्याला हातभार लावतात. उंच टाचांमुळे शरीराचा भार पुढच्या चवड्यावर येतो आणि पोटरीचे स्नायू आखडतात.

नमाजच्या वेळी चप्पल दाराबाहेरच राहणार. म्हणूनच उरलेल्या वेळेत पायाला आराम हवा. भजी तळताना, रोट्या लाटताना स्वयंपाकघरात वेगळी, स्वच्छ, मऊ तळव्याची चप्पल वापरायला काय हरकत आहे? सहरीआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणण्याचा दोन मिनिटांचा व्यायाम तर फुकट आहे. उभे राहणे झेपतच नसेल त्याला बसून नमाज पढण्याची सवलत आहे, ती घेण्यात संकोच नको.

चप्पल-बूट पारखणे सोपे आहे. टाचेमागचा भाग दाबल्यावर लगेच चेपला जाऊ नये. तळवा बोटांच्या सांध्याजवळ वाकावा, मधोमध दुमडू नये. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. दोन्ही पाय मापावेत आणि मोठ्या पायाचे माप घ्यावे. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घेतलेले बरे. इफ्तारनंतर बाजारात जाण्याची आपली रीत इथे कामीच येते. मधुमेह असलेल्यांनी नवी जोडी आधी थोडा थोडा वेळ घालावी आणि रात्री तळवे तपासावेत, कारण बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. टाचेची कळ काही आठवडे टिकली तर डॉक्टरांकडे जावे.

फुजूलखर्ची टाळा असे आपण रमजानभर ऐकतो. कमी खर्च करणे एवढाच त्याचा अर्थ नव्हे, योग्य ठिकाणी खर्च करणे हाही आहे. चांदरातीला बाजारात निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत जास्त वेळ उभ्या असणाऱ्या व्यक्तीची चप्पल उलटी करून पाहा. तळवा एका बाजूने झिजलेला असेल तर यादीत पहिली ओळ कोणती लिहायची, हे वेगळे सांगायला नको.