चहाची तरतरी आणि स्नायूंचे दौर्बल्य
ग्वाल्हेरच्या लष्करात, म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या छावणीने 1810 साली जेथे कायमचा मुक्काम ठोकला त्या वस्तीत, माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या जयारोग्य रुग्णालयात बसणाऱ्या वैद्याच्या कानी जी फिर्याद सर्वांत अधिक वेळा पडत असेल, ती बहुधा ‘कमजोरी’ची, आणि रुग्णाची पाळी येण्यापूर्वीच सोबतच्या आप्ताने बाहेरच्या टपरीवरून आणलेला आल्याचा कडक चहा, पहिला उपाय म्हणून, त्याच्या पोटात गेलेला असतो. या उपायाची थट्टा करण्याचे कारण नाही, कारण तो काही अंशी लागू पडतो. मात्र नेमका कोठे लागू पडतो, याची रुजुवात शास्त्रज्ञांनी फार चिकाटीने केली आहे.

निलगिरीतील तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्यावर ग्रंथ लिहिणारे केंब्रिजचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी वेबर या सहकाऱ्यासह 1907 साली कॅफीन आणि स्नायूंचे श्रम यांवर निबंध प्रसिद्ध केला. हात पट्ट्यांनी जखडून, केवळ एका बोटाने टांगलेले वजन ठराविक तालावर उचलत राहावयाचे आणि बोट नकार देईपर्यंत प्रत्येक उचल कागदावर रेघेने उमटवावयाची, असा तो प्रयोग. उत्तेजक पेय घेतले आहे एवढ्या जाणिवेनेच माणसाचा हुरूप वाढतो, हे ओळखून त्यांनी औषधाचा घोट आणि औषधविरहित घोट चवीने वेगळे ओळखता येऊ नयेत अशी तजवीज केली. ही खबरदारी पुढे औषधपरीक्षेचा दस्तूरच बनली. माझ्या मते ती त्या निबंधाच्या निष्कर्षाहूनही मोलाची होती.

श्रम करताना आणि जागरणात मेंदूमध्ये अडेनोसीन नावाचे द्रव्य साचते आणि ठराविक ग्राहकांना चिकटून विश्रांतीची मागणी करते. कॅफीन त्याच जागा अडवून बसते. म्हणजे तगाद्याचा प्यादा देवडीवरच थोपवला जातो, पण थकबाकी खात्यावर जशीच्या तशी राहते. प्रत्यक्ष स्नायूतील कॅल्शियमचे साठे कॅफीन मोकळे करू शकते हे खरे. परंतु त्यासाठी परीक्षानळीत जेवढे तीव्र द्रावण लागते, तेवढे कॅफीन रक्तात आले तर माणूस जिवंत राहणार नाही. वजनाच्या दर किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफीनने धडधाकट खेळाडूची कामगिरी किंचित सुधारते, पण तो लाभ मुख्यतः मज्जासंस्थेच्या मार्गाने मिळतो. आणि चहाच्या एका पेल्यात जेमतेम 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असते.

दीर्घ व्याधीत थकवा आणि दौर्बल्य ही दोन निराळी प्रकरणे एकाच अर्जात दाखल होतात, हा खरा घोटाळा. जो उकिडवा बसल्यावर हाताचा टेकू घेतल्यावाचून उठू शकत नाही, किंवा ज्याच्या पापण्या सकाळी ठीक असून दिवेलागणीस मिटू लागतात, त्याच्या स्नायूंतच किंवा स्नायूंपर्यंत हुकूम पोहोचविणाऱ्या मज्जातंतूंच्या सांध्यांत बिघाड असतो, आणि तेथे चहाचा इलाज चालत नाही. निव्वळ थकव्याच्या बाबतीतही उत्तेजकांची वकिली फिकी पडली आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या 141 रुग्णांना अमँटाडीन, मोडॅफिनिल, मेथिलफेनिडेट आणि नकली गोळी आळीपाळीने देऊन केलेल्या परीक्षेचा निकाल 2021 साली छापून आला. तिन्हींपैकी एकही औषध नकली गोळीहून सरस ठरले नाही, त्रास मात्र अधिक झाला.

अपवाद आहे, आणि तो मनोरंजक आहे. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायुदौर्बल्याने स्वतःच पीडित असलेल्या हॅरिएट एजवर्थ या विदुषीला अन्य कारणासाठी घेतलेल्या एफेड्रिन या उत्तेजकाने आपली शक्ती वाढल्याचे आढळले आणि 1930 साली तिने तो अनुभव प्रसिद्ध केला. 1934 साली ग्रिनिच येथील मेरी वॉकर यांनी फिसोस्टिग्मिनचा अधिक स्पष्ट गुण दाखविला आणि एफेड्रिन मागे पडले; तथापि जन्मजात मायस्थेनियाच्या काही प्रकारांत, जेथे फिसोस्टिग्मिनच्या कुळातील औषधे उलट अपाय करतात, तेच एफेड्रिन आज पुन्हा वापरात आहे. त्याचा गुण मात्र घटकेत येत नाही. पूर्ण प्रत्यय येण्यास कित्येक महिने लागतात. तरतरीशी त्याचा संबंध नाही, हे एवढ्यावरूनच कळावे.

आता टपरीवरच्या चहाकडे पुन्हा वळू, कारण कमजोरीवरचा हा घरगुती इलाज कधीकधी कमजोरीच पोसतो. आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांत, अशक्तपणाचे फार मोठे कारण रक्तातील लोहाची उणीव हे आहे, आणि जेवणासोबत घेतलेला चहा शाकाहारी अन्नातील लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतो. तेव्हा जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाची मुदत ठेवणे बरे. थायरॉइडची गोळी गिळून लगेच कॉफी घेणाऱ्यांच्या आतड्यात ती गोळी पुरती शोषली जात नाही, आणि त्यांचा जुना गळाठा हटत नाही. क्वचित याहून नाट्यमय प्रकारही घडतो: दिवसाकाठी कित्येक लिटर कोला पिणाऱ्याच्या रक्तातील पोटॅशियम इतके उतरते की एके सकाळी पायच उचलत नाहीत. अशा वेळी पक्षाघाताच्या भीतीने हबकलेल्या घरच्यांना, रुग्ण रोज काय आणि किती पितो, हा वैद्याचा प्रश्न अवांतर वाटतो. पण त्याचे खरे उत्तर मिळाले, पोटॅशियम भरून काढले आणि बाटल्या बंद केल्या, की तो बहुधा थोड्याच दिवसांत चालू लागतो.