मागणीप्रमाणे वाढणारे, मागणीप्रमाणे आकसणारे संगणक

संगणकीय सेवांची मागणी वर्षभर सारखी कधीच नसते. दहावी-बारावीच्या निकालाचे संकेतस्थळ वर्षातील बहुतेक दिवस ओस पडलेले असते आणि निकालाच्या दिवशी ठरलेल्या वेळी लाखो विद्यार्थी एकाच क्षणी त्यावर आपला बैठक क्रमांक टाकतात. प्राप्तिकर विवरणपत्राच्या अखेरच्या दिवशी किंवा दिवाळीच्या खरेदीच्या काळातही थोड्याफार फरकाने हेच घडते. अशा सेवेसाठी किती सर्व्हर, म्हणजे मागणी येताच माहिती किंवा सेवा पुरवणारे संगणक, बाळगावेत या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दीर्घकाळ कोणाकडेच नव्हते, कारण गर्दीच्या कमाल पातळीइतके सर्व्हर घेतले तर ते उरलेला सगळा काळ रिकामे चालत राहतात आणि सरासरी पातळीइतके घेतले तर नेमक्या गरजेच्या घटकेला सेवा कोलमडते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी फेब्रुवारी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात डेटासेंटरमधील, म्हणजे सर्व्हर एकत्र ठेवलेल्या केंद्रांतील, सर्व्हरचा प्रत्यक्ष वापर सरासरी ५ ते २० टक्केच होत असल्याचे अंदाज नमूद केले आहेत. हा वरवर पाहता उधळपट्टीचा आकडा असला, तरी अनेक सेवांची कमाल मागणी सरासरीच्या २ ते १० पट असते हे लक्षात घेतले म्हणजे त्यामागे निष्काळजीपणापेक्षा सावधगिरीच अधिक होती असे म्हणावे लागते.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग ऑगस्ट २००६ मध्ये अमेझॉनने चाचणी स्वरूपात खुल्या केलेल्या ‘इलॅस्टिक कम्प्यूट क्लाउड’ या सेवेने दाखवला. तेथे ग्राहकाला भौतिक सर्व्हर मिळत नसे, तर आभासी यंत्र मिळे. म्हणजे एका मोठ्या सर्व्हरची प्रक्रियाशक्ती आणि स्मृती सॉफ्टवेअरच्या साहाय्याने विभागून तयार केलेला, वापरणाऱ्याला स्वतंत्र संगणकच वाटेल असा भाग, जो काही मिनिटांत निर्माण करता येतो आणि काम संपताच मोडून टाकता येतो. त्याचे सुरुवातीचे भाडे तासाला १० सेंट होते आणि या ताशी आकारणीचा परिणाम दूरगामी ठरला, कारण शंभर यंत्रे एक दिवस वापरली काय किंवा एक यंत्र शंभर दिवस वापरले काय, भाडे तेवढेच येऊ लागले. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने २००७ मध्ये आपल्या जुन्या अंकांच्या सुमारे ४ टेराबाइट प्रतिमांपासून १ कोटी १० लाख लेखांच्या पीडीएफ फायली तयार करून घेतल्या, त्यासाठी १०० आभासी यंत्रे सुमारे २४ तास चालवली आणि या संगणनाचा खर्च साधारण २४० डॉलर आला. स्वतःचे सर्व्हर विकत घेऊन हे काम करायचे ठरवले असते, तर खरेदीचा प्रस्ताव मंजूर होण्यासच याहून अधिक वेळ लागला असता.

तथापि हे उदाहरण एकाच दिशेचे आहे. लवचिकता, म्हणजे इलॅस्टिसिटी, ही संज्ञा पुष्कळदा विस्तारक्षमता, म्हणजे स्केलेबिलिटी, या संज्ञेच्या जागी सैलपणे वापरली जाते आणि त्यामुळे दोन्हींचा अर्थ पुसट होतो. अधिक साधने जोडल्यावर अधिक भार पेलता येणे हा प्रणालीच्या रचनेचा गुण म्हणजे विस्तारक्षमता होय. तीत काळाचा संबंध येत नाही, आणि साधने जोडण्यास सहा महिने लागले तरी प्रणाली विस्तारक्षमच म्हणायची. लवचिकतेत मात्र काळ हाच मुख्य निकष असतो. जर्मनीतील निकोलास हेर्ब्स्ट, सॅम्युअल कौनेव्ह आणि राल्फ रॉयस्नर या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या व्याख्येचा आशय असा की, प्रणालीने मागणीतील बदलानुसार साधने आपोआप जोडत आणि सोडत राहावे, आणि कोणत्याही क्षणी हाती असलेली साधने त्या क्षणाच्या गरजेशी शक्य तितकी जुळलेली असावीत. या व्याख्येप्रमाणे गरजेपेक्षा कमी साधने असणे हा जसा दोष ठरतो, तसाच गरजेपेक्षा अधिक साधने असणे हाही दोष ठरतो. अ‍ॅनिमोटो या अमेरिकी व्हिडिओ-सेवेला २००८ मध्ये फेसबुकवर अचानक लोकप्रियता लाभली, तेव्हा तिचे सर्व्हर तीन दिवसांत ५० वरून ३,५०० वर गेले. ही गोष्ट क्लाउडच्या, म्हणजे अशा भाड्याच्या संगणनसेवेच्या, प्रचारात असंख्य वेळा सांगितली गेली, परंतु लाट ओसरल्यावर त्यांतील अनावश्यक यंत्रे तितक्याच सहजपणे परत करता येणे हे तिच्यातील अधिक महत्त्वाचे अंग बहुधा वगळले जाते.

विस्तार दोन प्रकारे होतो. असलेल्या यंत्राच्या जागी अधिक शक्तिशाली यंत्र आणणे हा उभा विस्तार; त्याला सर्वांत मोठ्या उपलब्ध यंत्राची मर्यादा असते आणि बदल करताना सेवा बहुधा थोडा वेळ थांबवावी लागते. त्याच क्षमतेची आणखी यंत्रे शेजारी उभी करणे हा आडवा विस्तार, आणि क्लाउडमधील लवचिकता प्रामुख्याने त्याच्यावरच उभी आहे. येणाऱ्या विनंत्या या यंत्रांमध्ये वाटून देण्याचे काम लोड बॅलन्सर करतो, प्रत्येक यंत्रावरील ताण देखरेख-यंत्रणा मोजत राहते आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली की ऑटोस्केलिंगची, म्हणजे आपोआप संख्या बदलणारी, यंत्रणा नवी यंत्रे मागवते किंवा जुनी सोडून देते. अमेझॉनने ही तिन्ही साधने ग्राहकांसाठी मे २००९ मध्ये एकत्रच उपलब्ध केली. यात एक नाजूक भाग आहे. ताण ७० टक्क्यांवर गेला की यंत्र वाढवावे आणि ७० टक्क्यांखाली आला की कमी करावे असा सरळ नियम ठेवल्यास यंत्र वाढताच ताण उतरतो, ताण उतरताच यंत्र जाते आणि यंत्र जाताच ताण पुन्हा चढतो, म्हणून वाढवण्याची आणि घटवण्याची मर्यादा यांत अंतर ठेवले जाते आणि एका बदलानंतर काही काळ दुसरा बदल न करण्याचा विराम पाळला जातो. शिवाय कोणतेही यंत्र कोणत्याही क्षणी नाहीसे होऊ शकते हे गृहीत धरून आज्ञावली लिहावी लागते. ग्राहकाची खरेदीची टोपली किंवा त्याने लॉगिन केल्याची नोंद त्या एका यंत्राच्या स्मृतीत राहिली, तर यंत्राबरोबर तीही जाते. ही माहिती सामायिक डेटाबेसमध्ये ठेवणे हा उपाय आहे, पण मग सगळा भार त्या डेटाबेसवर येतो आणि डेटाबेस आडवा पसरवणे हे सर्वांत कठीण काम मानले जाते. जुनी प्रणाली जशीच्या तशी क्लाउडवर नेऊन लवचिकतेची अपेक्षा करणाऱ्या संस्थांची निराशा होते, ती मुख्यतः याच ठिकाणी.

लवचिकतेची मर्यादा जितकी स्पष्टपणे भारतातील क्रिकेट-प्रक्षेपणाने दाखवली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवली असेल. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टर येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात २४० धावांचा पाठलाग करणाऱ्या भारताची अवस्था ४ बाद २४ झाली, आणि पुढे जडेजा व धोनी यांच्या शतकी भागीदारीने जसजसा सामन्यात जीव आणला, तसतसे हॉटस्टार या प्रक्षेपण-सेवेवरील प्रेक्षक वाढत जाऊन एका वेळी पाहणाऱ्यांची संख्या २ कोटी ५३ लाखांवर पोहोचली, जो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. अशा सामन्यात एका मिनिटात दहा लाखांपर्यंत नवे प्रेक्षक येऊ शकतात, असे या सेवेच्या अभियंत्यांनी नंतर जाहीर व्याख्यानांत सांगितले. नेहमीची ऑटोस्केलिंग आधी ताण वाढल्याचे पाहते, मग यंत्र मागवते, मग त्यावर आज्ञावली सुरू होते आणि ते सज्ज असल्याची खात्री पटल्यावरच त्याच्याकडे विनंत्या पाठवते. या सर्वांना मिनिट-दोन मिनिटे जरी लागली, तरी तेवढ्यात एखाद्या महानगराएवढी लोकसंख्या दाराशी येऊन उभी असते. म्हणून या अभियंत्यांनी तयार ऑटोस्केलिंगवर भिस्त न ठेवता स्वतःची पद्धत बसवली होती. तीत प्रक्रियाशक्तीवरील ताणापेक्षा प्रेक्षकांची संख्या हा आधार मानून प्रत्येक टप्प्यासाठी किती यंत्रे लागतील हे आधीच ठरवलेले असे, आणि पुढच्या काही लाख प्रेक्षकांना पुरेल इतकी क्षमता नेहमीच शिल्लक ठेवली जाई. हे आकडे ठरवण्यासाठी त्यांनी ३ हजारांहून अधिक भाड्याच्या यंत्रांकडून स्वतःच्याच सेवेवर कृत्रिम गर्दी सोडून चाचण्या घेतल्या होत्या.

त्याहून बोधप्रद भाग धोनी धावबाद झाल्यानंतरचा आहे. प्रतिस्पर्धी न्यूझीलंडच्या गप्टिलच्या थेट फेकीनंतर प्रेक्षकसंख्या अवघ्या काही मिनिटांत कोसळली, आणि वरवर पाहता सर्व्हरना उसंत मिळायला हवी होती. प्रत्यक्षात सामना सोडणारे बहुतेक लोक अ‍ॅप एकदम बंद करत नाहीत. ते मागे जाण्याचे बटण दाबतात आणि मुखपृष्ठावर येतात. मुखपृष्ठ प्रत्येकाच्या आवडीनुसार वेगळे तयार होत असल्यामुळे व्हिडिओवरील भार जेव्हा शून्याकडे निघालेला असतो, तेव्हाच मुखपृष्ठ तयार करणाऱ्या सर्व्हरवर कोट्यवधी विनंत्या एकाच वेळी आदळतात. केवळ प्रेक्षक घटले म्हणून सर्वत्र यंत्रे कमी करणारी प्रणाली याच क्षणी बंद पडली असती. ही अडचण ओळखून मुखपृष्ठाची क्षमताही सामन्याबरोबर आधीच वाढवून ठेवली जाई, आणि ताण असह्य झाल्यास शिफारशींसारख्या दुय्यम सोयी तात्पुरत्या बंद करून चित्रण तेवढे सुरू ठेवण्याची तजवीज केलेली असे. थोडक्यात, क्लाउडच्या या अत्यंत प्रगत वापरातही जुन्या पद्धतीचा अंदाज आणि आगाऊ साठा परत आला. फरक एवढाच की तो साठा काही वर्षांसाठी न बाळगता एका संध्याकाळपुरता बाळगला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अहमदाबाद येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यावेळी याच सेवेवर एका वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते.

यंत्र सज्ज होण्याचा वेळ घटवण्याचे प्रयत्न सतत चालू आहेत. संपूर्ण आभासी यंत्राऐवजी फक्त आज्ञावली आणि तिला लागणारी सामग्री बांधून चालवणारे कंटेनर काही सेकंदांत सुरू होतात. २०१४ मध्ये अमेझॉनने जाहीर केलेल्या लॅम्डासारख्या सर्व्हरलेस सेवांत तर यंत्रांची संख्या ठरवण्याचे कामच ग्राहकाकडे राहत नाही आणि आकारणी मिलिसेकंदांत होते. अर्थात सर्व्हर तेथेही असतातच आणि बराच वेळ न वापरलेली आज्ञावली पुन्हा जागी होताना लागणारा विलंबही असतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ च्या आपल्या व्याख्येत जलद लवचिकता हे क्लाउडच्या पाच अनिवार्य लक्षणांपैकी एक मानले, परंतु उपलब्ध साधने ग्राहकाला अमर्याद ‘भासतात’ एवढेच म्हटले. ही सावध शब्दयोजना रास्त आहे. ग्राहक ज्या क्षणी यंत्र मागतो, त्या क्षणी पुरवठादाराच्या डेटासेंटरमध्ये ते रिकामे उभे असावेच लागते. लवचिकतेमुळे रिकामे सर्व्हर नाहीसे झालेले नाहीत, ते एका छताखाली गोळा झाले आहेत. हजारो ग्राहकांच्या गर्दीच्या वेळा वेगवेगळ्या असल्याने हा सामायिक साठा प्रत्येकाने स्वतंत्र बाळगायच्या साठ्याच्या तुलनेत बराच कमी पुरतो. त्यातलाही शिल्लक भाग अमेझॉन २००९ पासून मोठ्या सवलतीत भाड्याने देते आणि इतरत्र गरज भासताच दोन मिनिटांची पूर्वसूचना देऊन परत घेते. मात्र सगळ्यांची गर्दी एकाच वेळी झाली, तर हा हिशेब चुकतो. मार्च २०२० मध्ये जग अचानक घरून काम करू लागले तेव्हा मायक्रोसॉफ्टला आपल्या क्लाउडवर काही भागांत नव्या मागण्यांना आवर घालावा लागला आणि आरोग्य व आपत्कालीन सेवांना प्राधान्य द्यावे लागले.

भाड्याने घ्यावे की विकत, याचा निर्णयही या लवचिकतेवरच ठरतो. बर्कलीच्या अहवालातील साधे गणित असे आहे की, एखाद्या सेवेला दुपारी ५०० आणि मध्यरात्री १०० सर्व्हर लागत असतील व दिवसाची सरासरी ३०० असेल, तर विकत घेताना ५०० घ्यावे लागतात आणि भाडे मात्र ३०० चेच पडते. त्यामुळे भाड्याचा दर स्वतःच्या सर्व्हरच्या ताशी खर्चाच्या सुमारे १.७ पटींपर्यंत असला, तरी भाडेच परवडते. मागणीचा चढउतार जितका तीव्र, तितकी ही पट मोठी होते, आणि मागणी सपाट असेल तर ती एकाच्या जवळ येऊन ठेपते. ‘बेसकॅम्प’ आणि ‘हे’ (HEY) या सेवा चालवणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लाउड सोडण्याचा निर्णय जाहीर करताना हाच युक्तिवाद केला. तिच्या सेवांची वाढ स्थिर होती आणि गर्दीचा अंदाज बांधता येत होता, म्हणून न वापरल्या जाणाऱ्या लवचिकतेची किंमत मोजत राहण्यापेक्षा पुढच्याच वर्षी तिने स्वतःचे सर्व्हर विकत घेतले आणि आपल्या प्रमुख सेवा त्यांवर हलवल्या.